तीन कोटेशनं

मामांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरला, पंख्याने उडू नये म्हणून त्याच्यावर स्टीलचे दोन पेले ठेवले आणि पेन्सिल अविनाशपुढे सरकवली.

"एकदा नजर टाक. मग निघूच."

फुलस्केप कागद स्केलने आखलेला होता. डावीकडे कॉम्प्युटरच्या नऊ भागांची नावं, पुढे तीन दुकानांचे तीन रकाने आणि प्रत्येक ओळीत जो आकडा सगळ्यांत कमी त्याच्याभोवती लाल गोल. वर मोठ्या अक्षरांत 'कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट'. मामांनी, म्हणजे सुभेदार उदयसिंह माने यांनी, अठ्ठावीस वर्षं फौजेच्या वर्कशॉपमध्ये काढली होती आणि तिथे झाडू घ्यायचा झाला तरी तीन कोटेशनं लागत. निवृत्तीनंतर ते मानेसरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होते. तिथेही त्यांनी हीच शिस्त लावली होती, आणि तिथली माणसं त्यांच्या मागे काय बोलत हे त्यांना ठाऊक नव्हतं. लेकीला दहावीत ब्याण्णव टक्के पडले तेव्हा त्यांनी गेम खेळता येईल असा कॉम्प्युटर कबूल केला होता. तो शब्द पाळायला ऑगस्ट उजाडला, तो या कागदामुळे.

अविनाशने वरपासून खालपर्यंत वाचलं आणि त्याला हसू आलं. गेल्या आठवड्यात कलेक्टरकीच्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यापासून तो हसला नव्हता. निकालात त्याचा नंबर नव्हता. हा त्याचा तिसरा प्रयत्न. नियमाने अजून एक शिल्लक होता, पण विट्याला आई म्हणत होती की आता पुरे, परत ये. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतून येत्या मे महिन्यात निवृत्त होणार होती. वडील गेल्यापासून त्या घरात मामांचा शब्द शेवटचा असायचा. मामा दर शनिवारी संध्याकाळी आपल्या बहिणीला फोन करत. आज त्यांनी तिला एवढंच सांगावं की पोराला आणखी एक वर्ष दिल्लीत राहू दे, यासाठी अविनाश राजेंद्र नगरहून दोन बस बदलून द्वारकेला आला होता. कॉम्प्युटर हे निमित्त होतं.

"हसायला काय झालं?" मामांनी विचारलं.

"मामा, हा प्रोसेसर तुम्ही पहिल्या दुकानातला धरलाय. याला खाली सातशे चौपन्न पिना असतात. आणि बोर्ड धरलाय दुसऱ्या दुकानातला. त्याला भोकं आहेत नऊशे एकोणचाळीस."

मामांनी आकडे मनाशी ताडून पाहिले. "म्हणजे जास्तच आहेत की."

"जास्त असून उपयोग नाही. बसणारच नाही तो. आणि ही रॅम तिसऱ्या दुकानातली, नव्या पद्धतीची. या बोर्डाला जुनी लागते. ग्राफिक्स कार्डाचं उलट. कार्ड जुन्या स्लॉटचं आणि बोर्डावर स्लॉट नवा."

"मतलब सगळं बेकार?" अक्षया खुर्चीच्या पाठीवर रेलून म्हणाली. ती दिल्लीतच वाढलेली, तिचं मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायचं. "पप्पा, मी बोलली होती ना, आधी दादाला विचारा."

"मग यातलं काय काय जुळतंय?" मामांनी शांतपणे विचारलं.

"कॅबिनेट," अविनाश म्हणाला. "आणि माऊस."

तिन्ही दुकानदारांनी आपापल्या परीने जुळणारा संच लिहून दिला होता. मामांनी प्रत्येकातला स्वस्त तेवढा उचलला आणि कधीच सुरू होणार नाही असा कॉम्प्युटर मोठ्या कष्टाने तयार केला. त्यासाठी तीन शनिवार त्यांनी नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजाराच्या पायऱ्या चढल्या होत्या.

माधवीमामी मटणाचं भांडं घेऊन आली. "अच्छा, आता आधी जेवू द्या त्याला. खोलीवर काय खातो देव जाणे."

पण अविनाशला जेवण सुचत नव्हतं. त्याने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नवी यादी लिहायला घेतली. प्रोसेसर, त्याला चालणारा बोर्ड, त्या बोर्डाला चालणारी रॅम. कार्ड कुठलं घ्यायचं आणि त्याच नावाचं कुठलं घ्यायचं नाही. प्रोसेसरवर थोडे वाचवून तेवढे कार्डावर का घालायचे. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो का काढून टाकायचा. प्रत्येक भागापुढे त्याने बाजारभाव लिहिला, आणि खाली बेरीज केली तेव्हा ती मामांच्या बेरजेपेक्षा साडेतीनशेनेच जास्त भरली. एकदाही तो अडला नाही, एकदाही त्याने खोडलं नाही. मामा त्याच्या हाताकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर उघड कौतुक होतं.

"बघितलंस?" ते मामीला म्हणाले. "याला म्हणतात अभ्यासू डोकं. उद्या जिल्हा सांभाळायचाय त्याला, नऊ भाग काय घेऊन बसलीस."

हीच वेळ आहे असं अविनाशला वाटलं. "मामा, आज आईला फोन कराल तेव्हा माझं जरा..."

"माहीत आहे मला. अक्काचं पत्र आलंय." मामांनी पहिला घास घेतला. "एक वर्षाचंच म्हणतोयस ना? सांगतो मी तिला. चार वर्षं काढलीस, पाचवं काही जड नाही. आधी हे काम उरकू."

अविनाशने दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

नेहरू प्लेसच्या चौकात ऊन उभं होतं. फरशीवर सीड्या मांडून बसलेली माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कानाशी सॉफ्टवेअरची नावं कुजबुजत होती. अविनाश त्यांच्याकडे न बघता सरळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर गेला, डावीकडचं तिसरं दुकान. मामांच्या तीन कोटेशनांत हे दुकान नव्हतं.

"इथे कधी आला होतास?" मामांनी विचारलं.

"एक-दोनदा. मित्राबरोबर."

ग्रोव्हर नावाचे पन्नाशीचे गृहस्थ काउंटरमागे होते. त्यांनी यादी वाचली, चष्म्यावरून मामांकडे पाहिलं, मग अक्षयाकडे आणि शेवटी अविनाशकडे.

"ये लिस्ट किसने बनाई?"

"मैंने."

"बढ़िया है." त्यांनी मागच्या फळीवरून खोकी काढायला सुरुवात केली.

ग्राफिक्स कार्डाचं खोकं समोर आलं तेव्हा अविनाशने ते उघडलं, कार्ड प्लॅस्टिकमधून अर्धं बाहेर काढलं आणि उजेडाकडे तिरकं धरून त्याच्यावरच्या काळ्या चौकोनांवरची बारीक अक्षरं वाचली.

"सर, ये वाला नहीं. नाम वही है, लेकिन इसकी मेमरी आधी चौड़ाई की है. गेम में अटकेगा."

ग्रोव्हर थोडं हसले. लबाडी पकडली गेल्यावर अनुभवी व्यापारी हसतो तसं, लाज न बाळगता. "दुकान में दिन में साठ ग्राहक आते हैं. ये बात साल में कोई एक पकड़ता है." त्यांनी दुसरं खोकं दिलं. मामांनी मान ताठ केली. भाच्याच्या हुशारीचा असा रोकडा पुरावा त्यांना आजवर मिळाला नव्हता.

जोडणीही अविनाशनेच केली. ग्रोव्हरांनी स्क्रू-ड्रायव्हर पुढे केला तो गमतीने, पण त्याने घेतला. प्रोसेसरचा सोनेरी कोपरा बोर्डावरच्या खुणेशी जुळवून तो बोटाच्या वजनाने खाली सोडला, उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप तांदळाच्या दाण्याएवढा लावला, वायरी कॅबिनेटच्या मागून फिरवल्या. अक्षया विचारत होती आणि तो सांगत होता. सांगताना त्याचा आवाज मोकळा होता. राजेंद्र नगरच्या वर्गात राज्यघटनेच्या कलमांवर बोलताना त्याला असा आवाज कधी सापडला नव्हता. त्याला सुख वाटत होतं. कुणीतरी त्याला खरोखर येणारी गोष्ट विचारत होतं आणि उत्तर बरोबर येत होतं.

मशीन सुरू झालं. ग्रोव्हरांनी एक गेम टाकला, बंदुकांचा, त्या वर्षी सगळ्या सायबर कॅफेंत चालणारा. "चेक कर लो, गर्मी पकड़ता है कि नहीं."

"दादा, तू खेळ," अक्षया म्हणाली.

"दोनच मिनिटं. कार्ड बघायला."

तो स्टुलावर बसला. डाव्या हाताची बोटं कीबोर्डवर न बघता आपापल्या जागी जाऊन टेकली. अंगठा खाली, करंगळी कडेला. उजव्या हाताने माऊस उचलून एकदा टेबलावर आपटला, जागा साफ असल्याची खात्री करायची जुनी सवय. पुढे दोनाची आठ मिनिटं झाली. पडद्यावर माणसं कोपऱ्यातून बाहेर यायच्या आतच खाली पडत होती. शेजारच्या दुकानातली दोघं-तिघं येऊन मागे उभी राहिली. अक्षया टाळ्या पिटत होती. अविनाशची नजर हलत नव्हती. खांदे सैल होते, फक्त मनगट जेवढ्यास तेवढं फिरत होतं.

मामांनी वर्कशॉपमध्ये शेवटची बारा वर्षं भरतीच्या पोरांच्या ट्रेड टेस्ट घेतल्या होत्या. कोण खरंच लेथवर काम करून आलाय आणि कोण खोटं सर्टिफिकेट घेऊन आलाय हे ते पोरगं तोंड उघडायच्या आत सांगत. ते हात बघत. हात हत्याराकडे कसा जातो, बघून की न बघता. आज बराच वेळ ते पडद्याकडे बघतच नव्हते.

"लड़के का हाथ देखा, फौजी साहब?" ग्रोव्हर म्हणाले. त्यांच्या मनात खरंच कौतुक होतं. "ऐसा हाथ एक-दो घंटे में नहीं बनता."

अविनाशला ते वाक्य ऐकू आलं आणि त्याची बोटं थांबली. पडद्यावर त्याचा माणूस मरून पडला.

"ठीक आहे," तो उठत म्हणाला. "गरम होत नाही."

"तुम्ही दोघं खाली जा," मामा म्हणाले. "छोले-कुलचे खा. मी बिल आणि वॉरंटीचे शिक्के घेऊन येतो."

शिक्क्यांना अर्धा तास लागला. अक्षयाने दोन प्लेटी खाल्ल्या आणि किती हजार तास खेळलं की असं खेळता येतं ते विचारलं. अविनाशने तिला गप्प बस म्हटलं, आणि लगेच त्याला वाईट वाटलं, कारण तिने काहीच चुकीचं विचारलं नव्हतं.

परतताना ऑटो केली. मॉनिटरचं खोकं मागे, कॅबिनेट अक्षया आणि मामांच्या मांडीवर, अविनाश कडेला. मोतीबागेच्या सिग्नलपाशी अक्षयाने कानात वायर घातली आणि गाणी ऐकू लागली.

"रोज किती तास?" मामांनी विचारलं.

"अभ्यास?"

"नाही."

खोटं बोलता आलं असतं. चार वर्षांत तो त्यात तरबेज झाला होता. पण आपल्याच हातांनी चुगली केल्यावर तोंडाने काय सांगायचं हे त्याला कळेना.

"सुरुवातीला तासभर. दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षा अकरा मार्कांनी गेली ना, त्यानंतर वाढलं. खोलीच्या खालीच कॅफे आहे." तो थांबला. "तिथे हरलं तरी दहा सेकंदांत परत सुरू होतं, मामा. परीक्षेत हरलं की वर्ष जातं."

"किती तास विचारलं मी."

"सहा. कधी आठ."

मामांनी मान हलवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागाला उत्तर असतं. ते नुसतेच बाहेर बघत राहिले, छावणीच्या लांबच लांब भिंतीकडे.

"चार वर्षं मानेसरच्या बसमध्ये मी सांगत आलो," ते म्हणाले. "भाचा कलेक्टर होणार म्हणून. ड्रायव्हरलासुद्धा माहीत आहे."

"अजून एक चान्स आहे, मामा. शप्पथ सांगतो, या वेळी मी..."

"हां," मामा म्हणाले. ही फौजेतली 'हां' होती. ती म्हणजे ऐकलं, मान्य केलं असं नाही.

अविनाशला शरम वाटत होती आणि तिच्याबरोबर रागही येत होता. दुपारी याच हुशारीवर मामांची मान ताठ झाली होती. हुशारी तीच होती, एका कणाने कमी झाली नव्हती, फक्त ती कुठून आली ते कळलं होतं. यादी चुकू दिली असती तर बरं झालं असतं. प्रोसेसर बसला नसता, मामांनी दुकानदाराशी भांडण काढलं असतं, आणि आता सगळे हसत फोनपाशी बसले असते. आपल्याला एवढी चूकही करता येऊ नये याचा त्याला संताप आला.

घरी पोचल्यावर त्याने न सांगता कॉम्प्युटर अक्षयाच्या खोलीत मांडून दिला. मामी चहा घेऊन आली तेव्हा तिने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप ठेवून निघून गेली. मग हॉलमध्ये मामांनी फोन जवळ ओढला. अविनाश त्यांच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसला. अजून त्याला आशा होती. मामांनी दुपारी शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. अक्षयाच्या कॉम्प्युटरचा शब्दही त्यांनी पाळलाच होता की, उशिरा का होईना.

"अक्का? उदय बोलतोय. हां, हां, बरे आहेत सगळे. पाऊस झाला का? ... तुझं पत्र मिळालं. तेच सांगायला केलाय फोन." मामा लांबचा फोन म्हणून नेहमीच ओरडून बोलत, आज मात्र त्यांचा आवाज खाली होता. "अवि दिल्लीतच राहील. नाही, ऐकून घे आधी. त्याला नोकरी लागली. ... हो. अविलाच. कॉम्प्युटरच्या लाइनमध्ये. सोमवारपासून. मी स्वतः बोलून आलोय मालकाशी, चांगला माणूस आहे. त्यांना हा फार पसंत पडला."

अविनाश उभा राहिला. वॉरंटीच्या शिक्क्यांना अर्धा तास का लागला ते त्याला आता कळलं. मामांनी त्याच्याकडे न बघताच रिसीव्हर पुढे केला.

"आईशी बोल."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. हे खरं नाही, आई, मामांनी मला न विचारता ठरवलं, माझा एक प्रयत्न बाकी आहे, तू मला एक वर्ष दे. वाक्यं तोंडाशी तयार होती. ती ऐकेल हेही त्याला माहीत होतं. पहिल्या वर्षी तो घाबरून विट्याला परत आला होता तेव्हा तिनेच त्याला स्टँडवरून माघारी धाडलं होतं.

"आई..."

"खरंच का रे?" आई म्हणाली. ती रडत होती. अविनाशने डोळे मिटले. वाईट वाटून रडते आहे असं समजून तो म्हणाला, "आई, ऐक, अजून काही ठरलेलं नाही, मी अजून एकदा..."

"नको रे राजा. आता काही एकदा-बिकदा नको." ती रडता रडता हसत होती हे त्याच्या लक्षात आलं. असं हसणं त्याने वडील गेल्यापासून ऐकलं नव्हतं. "सुटलास एकदाचा. मी किती दिवस वाट बघत होते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. आणि मला मेलीला आता खोटं तरी बोलावं लागणार नाही."

"कसलं खोटं?"

"शाळेत सगळ्या विचारायच्या ना, मुलाचं काय झालं म्हणून. दर निकालाला काय सांगायचं? गेल्या दिवाळीपासून मी सांगते, तो कंपनीत लागलाय म्हणून. कंपनी म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही."

गेल्या दिवाळीपासून. त्या दिवाळीला तो घरी गेला होता. आईने शेजारच्या ठकूबाईंना घरात बोलावून त्याच्या हातावर साखर ठेवायला लावली होती, आणि ठकूबाईंनी विचारलं होतं, सुट्टी किती दिवस आहे. क्लासची, असं समजून त्याने उत्तर दिलं होतं.

समोर मामा बिलाच्या आणि वॉरंटी कार्डांच्या घड्या घालून ती एका पाकिटात भरत होते. वर बघत नव्हते.

"अवि? आहेस ना?"

"आहे."

"कंपनीचं नाव काय रे? थांब हां, पेन घेते. आता कुणी विचारलं तर नीट सांगता येईल."

पलीकडे ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, कागद चाळल्याचा, आणि मग आई परत फोनवर आली.

"हं, सांग."

अविनाशने मामांच्या हातातलं बिल घेतलं. वरच्या बाजूला निळ्या शाईत दुकानाचं नाव छापलेलं होतं. त्याने ते आधी एकदा मनाशी वाचलं, मग तो तिला एकेक अक्षर सांगत गेला, सावकाश, तिला लिहायला वेळ मिळेल असं.